उपवासाचं वजन

काशिनाथ पिंपळापुरे यांनी तीस वर्षं भोपाळच्या बाजारांत दुसऱ्यांचे तराजू तपासले, आणि स्वतः मात्र कुठल्याही वजनकाट्यावर पाय ठेवायचं शिताफीनं टाळलं. राज्य सरकारच्या नापतौल, म्हणजे वजनमापाच्या, खात्यात ते निरीक्षक. किलोचा बाट खरोखर किलोचा आहे का, पारड्याखाली कुणी चुंबक चिकटवलाय का, काट्याला शिशाचं सील आहे का, हे बघणं त्यांचं काम. राजधानी हलली तेव्हा वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले आणि टी. टी. नगरच्या क्वार्टरात राहिले. काशिनाथरावही तिथेच वाढले. उंचीला ते विसाव्या वर्षी थांबले. बाकी ठिकाणी थांबायचं कारण त्यांना दिसलं नाही. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी डब्यातल्या चार पोळ्या, संध्याकाळी बाजारातून येताना कचोरी, आणि रात्री जेवण असतंच.

चोपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. आकडा एकशे तीसवर जाऊन मिटकन विझला. काशिनाथरावांनी सवयीनं वाकून काट्याची पट्टी वाचली.

"क्षमता संपली याची," ते म्हणाले.

"काट्याची नाही, तुमच्या गुडघ्यांची," डॉक्टर म्हणाले.

गुडघे एक वेळ परवडले असते, पण साखर होती. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सुई वसुधाताई टोचायच्या, आणि एवढा थोरला माणूस डोळे घट्ट मिटून फ्रिजचं हँडल धरून उभा राहायचा. चुंबकवाल्या दुकानदारांना घाम फोडणारे निरीक्षकसाहेब हेच, असं कुणाला सांगून पटलं नसतं. 'ऑपरेशननं सुई सुटू शकते' एवढं एकच वाक्य त्यांनी डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून ऐकलं, आणि होकार दिला.

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. पोट शिवून वाटीएवढं केलं. दोन महिन्यांत इन्सुलिन सुटलं. फ्रिजच्या दारातल्या ज्या कप्प्यात ती बाटली असायची तो कप्पा वसुधाताईंनी पुसून ठेवला, पण त्यात दुसरं काही ठेवलं नाही. "असू दे रिकामा," त्या म्हणाल्या. "काय सांगता येतं?"

आता खाण्याचे नियम आले. आधी डाळ, पनीर, अंडं, मग भाजी, भात-पोळी सगळ्यात शेवटी, आणि जागा उरली तरच. जेवताना पाणी नाही. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. दुसऱ्या कुणाला याचा जाच झाला असता. काशिनाथरावांना हे नियम आपल्याच खात्यातून निघाल्यासारखे वाटले. त्यांनी स्वयंपाकघरासाठी एक छोटा डिजिटल काटा आणला, कचेरीतल्या प्रमाणित बाटांवर तो तीनदा तपासला, आणि एक वही सुरू केली. 'मूगडाळीचं धिरडं ४२ ग्राम. दुधी ३० ग्राम. भात १८ ग्राम.' भाताचे अठरा ग्राम म्हणजे जेमतेम दोन घास. पण ते सतराही नसत आणि एकोणीसही नसत.

पुढचे काही महिने वजन शहाण्यासारखं उतरलं. बिट्टन मार्केटातला बटाटेवाला त्यांना बघून हात जोडायच्या ऐवजी छातीवर हात ठेवू लागला. "को खाँ, पिंपळापुरे साब, आप तो आधे रह गए! बाकी आधा किधर जमा कराया?"

एप्रिलमध्ये काटा शहाण्णववर अडला. मेमध्ये सत्त्याण्णव झाला. जूनमध्ये सत्त्याण्णव पूर्णांक चार. साखरही हळूच वर सरकू लागली. शिवाय अधूनमधून दुपारी त्यांना दरदरून घाम सुटायचा, हात कापायचे. एकदा तर तपासणी चालू असताना बटाटेवाल्यानंच त्यांना पोत्यावर बसवलं आणि पेपरानं वारा घातला. सोमवार होता. उपवासाचा थकवा, असं काशिनाथरावांनी त्याला सांगितलं.

या सोमवारांची हकीकत अशी. नोव्हेंबरात काशिनाथराव ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होते तेव्हा बाहेर लाल दिव्याखाली वसुधाताईंनी महादेवाला नवस बोलला: सगळं सुखरूप होऊ दे, वर्षभर सोमवार धरीन. तेवढ्यात आतून एक नर्स धावत बाहेर आली. ती चहाला निघाली होती हे वसुधाताईंना मागाहून कळलं. त्या क्षणी मात्र त्यांनी घाबरून नवस दुप्पट केला: दोघंही धरू. शुद्धीवर आल्यावर काशिनाथरावांना डॉक्टरांच्या सूचनांबरोबर हीही सूचना मिळाली. महिनाभर पातळ पेजेवर गेला तेव्हा प्रश्नच नव्हता. जानेवारीपासून खिचडी सुरू झाली.

वजन अडलं तेव्हा काशिनाथरावांनी स्वतःहून एकादशी वाढवली. तरी अडलं, तेव्हा संकष्टी वाढवली. कमी खायला आणखी काय करावं माणसानं?

जूनच्या तपासणीला ते वही घेऊन आहारतज्ज्ञाकडे गेले. ही शमिका, अयोध्या नगरात वाढलेली सव्वीस वर्षांची मुलगी. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि कामाच्या टेबलावर दोन्हींची मिसळ.

"काका, डायरी तर एकदम टॉप आहे. मतलब, इतकं बारीक कोणीच लिहीत नाही." ती पानं उलटत गेली आणि एका पानावर थांबली. मग सहा पानं सोडून दुसऱ्या पानावर थांबली. "हे काय? सकाळ, आडवी रेघ, उपवास. दुपार, आडवी रेघ, उपवास."

"सोमवार असतो."

"मग काहीच नाही खात?"

"काहीच नाही." काशिनाथराव खरं बोलणारे गृहस्थ होते, म्हणून पुढे म्हणाले, "खिचडी सोडली तर."

"कसली खिचडी?"

"साबुदाण्याची. उपवासाला दुसरी कसली असते?"

"किती?"

हा प्रश्न काशिनाथरावांनी आयुष्यात हजारो माणसांना विचारला होता. समोरचा माणूस उत्तर देण्याआधी कुठे कुठे बघतो हेही त्यांना पाठ होतं. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"मोजली नाही."

"तुम्ही? तुम्ही दुधी मोजता आणि खिचडी नाही मोजली?"

"अगं, उपवासाचं काय मोजायचं? ते जेवण थोडंच आहे."

"मग काय आहे?"

"फराळ."

शमिकानं पेन खाली ठेवलं. "काका, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा. वर साखर?"

"चिमूटभर. पण चिमूट तुझ्या काकूची असते."

"बघा ना. डाळ तुमच्या पोटात अडते, पोळी अडते, म्हणून तुम्ही हळू खाता. खिचडी मऊ, निसरडी, ती सर्रकन जाते. साखर एकदम चढते, मग धाडकन पडते. तो घाम, ते हात कापणं, ते उपवासाचं नाहीये, खिचडीचं आहे. तुम्ही सोमवारी उपवास नाही करत, पार्टी करता. आणि या एकादश्या कोणी सांगितल्या?"

"वजन अडलं म्हणून मीच वाढवल्या."

शमिकानं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. हसून झाल्यावर मात्र ती गंभीरपणे म्हणाली, "सप्टेंबरमध्ये तीन महिन्यांची साखर बघणार आहेत. अशीच चढली तर सर इन्सुलिन परत लिहितील. आणि मध्ये श्रावण आहे, काका."

दुकानदाराला दंड सांगताना काशिनाथरावांना कधी दोन मिनिटांच्या वर लागली नव्हती. घरी हे सांगायला त्यांना तीन दिवस लागले. शेवटी गुरुवारी वसुधाताई पालक निवडत असताना ते समोर बसले आणि पालकाकडे बघूनच बोलले.

वसुधाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या नवसानं तुमचं वजन वाढलं."

"नवसानं नाही गं. साबुदाण्यानं."

"साबुदाणा कोणी केला?"

"केला तू, पण खाल्ला मी ना."

"मी देवाला शब्द दिलाय."

"मी तेव्हा बेशुद्ध होतो, वसुधा."

"म्हणून तर द्यावा लागला."

काशिनाथरावांनी पालकाची दोन पानं निवडून दिली. मग त्यांनी मधला मार्ग काढला. "असं करू. तू सोमवार धर. मी सोडतो."

वसुधाताईंनी पालकाची जुडी खाली ठेवली. "दोघांचा बोलायचा नि एकाचाच द्यायचा? कमी माप देणं गुन्हा आहे, हे तीस वर्षं तुम्हीच सांगत आलात."

काशिनाथराव उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. सोमवारपर्यंत घरात कामापुरतंच बोलणं झालं.

सोमवारी सकाळी खिचडीचा वास आला तेव्हा काशिनाथरावांनी ठरवून टाकलं होतं: नोव्हेंबरपर्यंतचीच गोष्ट आहे, खायची, सुई आली तर आली, फ्रिजचं हँडल जागेवरच आहे. ते ताटावर येऊन बसले. वसुधाताईंनी ताटली भरली, पण ती त्यांच्यापुढे न ठेवता ओट्यावरच्या काट्यावर ठेवली.

"ताटलीचं वजन कसं वगळायचं यात?"

"आधी रिकामी ताटली ठेवायची. मग ते डावीकडचं बटन."

त्यांनी ताटली रिकामी केली, बटन दाबलं, नेहमीइतकी खिचडी पुन्हा वाढली. एकशे चौऱ्याऐंशी.

"दर सोमवारी एवढी?"

"दोनदा," काशिनाथराव म्हणाले. "तू आग्रह करतेस."

"अठरा ग्राम भात खाणारा माणूस!" वसुधाताई म्हणाल्या. मग काटा बंद करून त्यांनी नागपूरला फोन लावला. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, प्रतिभाताईंचा, माहेरच्या सगळ्या गोतावळ्यात उपवासाच्या बाबतीत शब्द शेवटचा होता. भेंडी चालते की नाही, जिरं चालतं की नाही, याचे निकाल त्या फोनवर देत, आणि त्यावर कुणी अपील करत नसे.

प्रतिभाताईंनी सगळं ऐकलं. "तू नवस उपवासाचा बोललीस का खिचडीचा?"

"उपवासाचा."

"मंग? महादेवानं साबुदाणा मागितला का तुले? दूध चालते, दही चालते, मूठभर शेंगदाणे चालतात. पनीर दुधाचंच असते."

"पनीर? ताई, महादेवाच्या उपवासाला पनीर?"

"महादेवाले कुठं वाढायचं हाय? नवऱ्याले वाढायचं हाय ना तुले? काहून नाही चालत!"

फोन ठेवल्यावर वसुधाताईंनी सगळी खिचडी आपल्या ताटात घेतली. तेव्हा काशिनाथरावांच्या मनात एक शंका आली. खात्यातल्या माणसाला शंका आली की ती मनात ठेवता येत नाही.

"तू जरा त्या मोठ्या काट्यावर उभी राहतेस?"

"कशाला?"

"उभी तर राहा."

जानेवारीत हा काटा घरी आला तेव्हा वसुधाताईंनीही एकदा वजन करून पाहिलं होतं; तेव्हापासून ते साडेतीन किलोंनी वाढलं होतं.

"तुमचा काटा तपासून घ्या आधी," त्या म्हणाल्या.

"तपासलेला आहे."

त्यांनी निम्मी खिचडी पातेल्यात परत टाकली. ती दुपारी शेजारच्या रजनीताईंकडे गेली. रजनीताईंचा उपवास नव्हता, त्यामुळे त्यांनी ती मजेत खाल्ली. संध्याकाळी वसुधाताईंनी साबुदाण्याचा डबा टेबलावर आणून ठेवला.

"तुमच्याकडे ते तार-शिशाचं असतं ना? लावा याला."

"सरकारी सील असं घरात वापरता येत नाही."

"मग नुसती तार लावा. टाकून देववत नाही आणि समोर दिसला तर मी करीन."

काशिनाथरावांनी कडीतून तार ओवली, पक्कडीनं दोनदा पिळली आणि टोकं आत वळवली. डबा वरच्या फळीवर गेला.

श्रावणातले सोमवार पनीर, दही नि दहा शेंगदाण्यांवर निघाले. शेंगदाणे वसुधाताई मोजून ठेवायच्या. एकादशी नि संकष्टी कुणी नवसात बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या आपोआप बाद झाल्या. सोमवारच्या पानावर आडव्या रेघेच्या जागी वहीत आकडे दिसू लागले, त्यातले काही वसुधाताईंच्या अक्षरात. बटाटेवाल्यानं एका सोमवारी दुपारी आधीच पोतं झटकून ठेवलं होतं. निरीक्षकसाहेबांनी त्याचे सातही बाट उभ्यानं तपासले आणि एक जप्त केला. "को खाँ," तो हळहळून म्हणाला, "आप कमजोरी में ही भले थे."

सप्टेंबरात रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला, उलटून मागची बाजूही बघितली, आणि म्हणाले, "ठीक आहे. सुई नको. डिसेंबरात पुन्हा बघू." वजन चौऱ्याण्णव होतं. वसुधाताईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि रिक्षात घरापर्यंत पर्स मांडीवर धरून बसल्या.

दोन दिवसांनी सोमवार होता. काशिनाथरावांनी दही काढायला फ्रिज उघडला. दारातल्या त्या रिकाम्या कप्प्यात पाच लिंबं आणि आल्याचा एक तुकडा होता. त्यांनी ते क्षणभर पाहिलं, दार लावलं, काट्यावर रिकामी वाटी ठेवून डावीकडचं बटन दाबलं, आणि शंभर ग्रामला चमचा थांबवला.