वरून टाकलेली भाकर

वरवट बकाल गावात जनकाबाईंना खिचडीवाली बाई म्हणूनच ओळखतात. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. सुरुवातीला काही घरांतली लेकरं त्यांच्या हातचं खायची नाहीत. जनकाबाई कुणाशी भांडल्या नाहीत, खिचडी करत राहिल्या. आता त्याच लेकरांची लेकरं ताट पुढे करतात. कधी कधी त्या काम संपल्यावर उगाच स्वतःच्या हातांकडे बघत बसतात.

लहानपणी, माहेरच्या गावात, किराणा दुकानाच्या पायरीखाली उभं राहून त्या मीठ आणायच्या. दुकानदार पुडी वरून सोडायचा. झेलता आली नाही तर ती फुटायची आणि घरी मार बसायचा. त्या झेलण्यात पटाईत झाल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलाला, अश्वजितला, एकदाच सांगितली होती. तीही हसत.

अश्वजित पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करायचा. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तो गावी आला, कॉम्प्युटरचे सुटे भाग मागवले आणि म्हणाला, "घरीच जोडतो. चाललं तं लग्नाचे व्हिडिओ इथूनच करीन. नाही चाललं तं पुण्याले जातो परत." नवरा भाऊराव गेल्यापासून घरात जनकाबाई एकट्याच होत्या.

ऐन थंडी होती. हवा इतकी कोरडी की अंगावरचं पांघरूण ओढलं तरी तडतड आवाज यायचा. भाग आले त्या दिवशी अश्वजित अंघोळीला गेला असताना जनकाबाईंनी पेटीतलं ठेवणीतलं मखमली ब्लँकेट काढलं आणि पलंगावर अंथरलं. एवढं नाजूक सामान, ते उघड्या लाकडावर कसं ठेवायचं? खोकी त्यावर मांडली. रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची, हिरवी पट्टी पिशवीतून बाहेर काढून त्यांनी तळहातावर घेतली. बोटाशी बारीकशी टिचकी वाजली.

अश्वजित दारात उभा होता.

"हात नोको लावू! माय, हात नोको लावू म्हणतो ना! ठेव ते खाली!"

त्यांनी पट्टी खाली ठेवली. तो ब्लँकेट ओढून काढत बडबडत राहिला. असल्या कपड्यानं अंगात वीज साठते, आपल्याला नुसती टिचकी लागते पण त्यात हे भाग मरतात, असलं काहीबाही. जनकाबाई ऐकत नव्हत्या. त्या चुलीशी जाऊन बसल्या होत्या.

त्यानं स्वेटर काढून सुती सदरा घातला. उघड्या लाकडी टेबलावर सामान मांडलं. मनगटाला अंगातली वीज उतरवणारा एक पट्टा बांधला, त्याच्या वायरचा चिमटा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावला आणि मग कामाला लागला. दिवसभर घरात फक्त स्क्रू फिरल्याचा आवाज होता.

संध्याकाळी तो जेवायला बसला. जनकाबाई उभ्याच राहिल्या आणि भाकर त्यांनी वरून ताटात सोडली. ताट वाजलं. आमटी फरशीवर सांडली.

त्यानं वर पाहिलं.

"हात नाही लावला," जनकाबाई म्हणाल्या.

त्याला मिठाची पुडी आठवली. घास उचलवेना.

"माय, तसं नाही वो."

"मंग कसं?"

"माह्याही हातानं खराब होते ते. कोणाच्याही होते. म्हणून तं मी पट्टा बांधून बसलो दिवसभर."

"मंग मले काऊन नाही बांधला?"

"एकच हाय."

"तं सोड अन् दे."

त्यानं उठून पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला. हिरव्या बांगड्या वर सारल्या. रॅम बसवायची तेवढी राहिली होती. सकाळच्या टिचकीनं ती मेली असेल या भीतीनं त्यानं दिवसभर तिला हात लावला नव्हता.

"कडेनं धर. या फटीत. आता दोन्हीकून दाब."

"मोडंल ना बे."

"नाही मोडत. दाब."

खटका बसला. थोड्या वेळानं पडदा उजळला. अश्वजित ओरडलाच, "चाललं! माय, चाललं!" जनकाबाईंच्या मनगटावर पट्टा अजून तसाच होता.

"सकाळी मी उचललं होतं त्याचं काय?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. "आत्ता तं चालून राह्यलं. पण मार लागला असला तं कधी कधी लगेच दिसत नाही. सहा महिन्यांनी बंद पडते."

"हाव," जनकाबाई म्हणाल्या. "तसंच असते." आणि त्या सांडलेली आमटी पुसू लागल्या.

अश्वजित गावातच राहिला. कामं येतात. कधी पडदा क्षणभर गोठतो, तेव्हा त्याचे हात थबकतात आणि त्याची नजर चुलीकडे जाते. मग चित्र पुन्हा हलू लागतं.

जनकाबाई चहा घेऊन येतात तेव्हा दाराशी थांबून आधी, अंगातली वीज उतरावी म्हणून, नळाच्या उघड्या लोखंडी पाइपाला बोट लावतात. मगच कप त्याच्या हातात देतात. कप देताना त्यांचा चेहरा कोराच असतो. त्या चिडवतात की खरंच घाबरतात, हे त्याला अजून कळलेलं नाही.

एकदा तो म्हणाला, "माय, चहाले नाही लागत वो ते."

"असू दे," त्या म्हणाल्या. "माह्या हातून नोको व्हायले काही."