सिस्टरांचा केक आणि पुष्पाची मॅट्रिक

सिस्टर आग्नेस गेल्याचं पोस्टकार्ड गोव्याहून आलं, तेव्हा मी शाळेचा व्हरांडा झाडत होते. मोठ्या सिस्टरांनी ते वाचून दाखवलं. मी ऐकलं आणि पुढचा व्हरांडा झाडायला घेतला. रडायला मला तोंड नव्हतं... का, ते सांगते.

देवपुरातल्या या शाळेत मी आया, चौथी शिकलेली. सिस्टर आग्नेस पंधरा वर्षांमागे गोव्याहून गणित शिकवायला आल्या. तापट बाई. चिडल्या की खडू फेकायच्या आणि मग स्वतःच वाकून उचलायच्या. पुष्पा ही एका जैन व्यापाऱ्याची मुलगी त्यांची लाडकी. गणित म्हणजे तिच्या हातचा मळ. बारा वर्षांमागे, मॅट्रिकला तीन महिने राहिले असताना तिची सगाई झाली आणि घरच्यांनी तिची शाळा बंद करायचं ठरवलं. सिस्टर मला म्हणाल्या, "अक्का, मी बोलते त्यांच्याशी. पण रिकाम्या हाताने जायचं नाही ना तुमच्यात?" आणि केक करायला घेतला. दोन अंडी त्यांनी माझ्यादेखत फोडली. जैनांच्या घरी अंडं चालत नाही, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण त्याच सकाळी त्या मला मुलींसमोर आळशी म्हणाल्या होत्या. म्हटलं, शिकलेली बाई आहे, कळेल तिचं तिला. डबा मीच धरला आणि आम्ही पांझरेचा पूल ओलांडून गेलो.

बोलणं चांगलं चाललं होतं. "परीक्षा देऊ दे, लग्न मग करू," इथवर पुष्पाचे वडील आले होते. तेवढ्यात सिस्टरांनी डबा उघडला. पुष्पाच्या आजीने वास घेतला. "बहेनजी, इसमें अंडा तो नहीं?"

"फक्त दोन, माँजी," सिस्टर आनंदाने म्हणाल्या, "एकदम ताजी!"

आजी उठून उभी राहिली. "शाळेत पोरीला हेच खाऊ घालता?" वडिलांनी हात जोडले आणि दाराकडे पाहिलं. संपलं. परतताना पुलावर सिस्टर म्हणाल्या, "अक्का, मी मूर्ख आहे." मी डबा दुसऱ्या हातात घेतला. पुष्पा लग्न होऊन भडगावला गेली. सिस्टरांनी पुन्हा कधी केक केला नाही; पुढे थकल्यावर त्या गोव्याला परतल्या.

पोस्टकार्ड आल्यावर मी भडगावला गेले. पुष्पा पोळ्या लाटत होती. तिला सिस्टरांची बातमी दिली आणि अंड्यांचंही सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं, अक्का?"

"होतं."

ती उठली. फळीवरून कागदांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. दर वर्षी सिस्टर तिला मॅट्रिकची गणिताची प्रश्नपत्रिका पोस्टाने पाठवायच्या. पुष्पा उत्तरं लिहून धाडायची, त्या तांबड्या शाईने तपासून परत करायच्या. मला बारा वर्षांत पत्ता नाही. प्रत्येक पेपराच्या शेवटी सिस्टरांच्या वाकड्या अक्षरात एकच ओळ होती... 'तू पास. चूक माझी.'

"म्हणजे 'चूक माझी' हे खोटं आहे," पुष्पा म्हणाली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

सिस्टरांचं अक्षर मला खोडवेना. त्या ओळीखाली माझं नाव लिहिलं. बारा कागद, बारा वेळा. पुष्पाने ते नीट जुळवून परत फळीवर ठेवले आणि लाटणं उचललं. चहा विचारला नाही.