माशांचा एकच मग

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटरकी करून गुरुसिद्धप्पा घरी बसले, आणि मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या त्यांच्या मुलानं, बसवंतनं घरात समुद्र आणून ठेवला. काचेची पेटी, रेल्वेनं आलेले खाऱ्या पाण्याचे कॅन आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. लिंगायताच्या घरात मासे म्हटल्यावर गल्लीनं हसून घेतलं. शेजारचे बन्सीधर तर रोजच विचारायचे, "काय आप्पा, आज कालवण काय?"

दोन वर्षं ती जोडी जगली. आप्पांचा सगळा जीव तिच्यात.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला बसवंतनं एक निळा मासा आणला आणि बजावलं, "एकवीस दिवस याला वेगळा ठेवा. अंगावर रोग असला तर जुन्यांना लागंल. जाळी वेगळी, भांडं वेगळं."

आप्पांनी मशीन बसवावं तशी दुसरी पेटी ओसरीवर बसवली. वाळू नाही, दगड नाही. लपायला पाइपाचा तुकडा आणि हवेचा पंप. भिंतीवर रोज खडूची एक रेघ.

एकोणिसाव्या दिवशी जुनी मादी दगडाला अंग घासायला लागली. चष्मा लावून पाहिलं, तर परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके. निळ्याच्या शेपटीवरही तसेच.

"शिवम्मा, पेट्यांत आटलेलं पाणी कशानं भरायलीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मगानं. माशाच्या."

"कोन्त्या माशाच्या?"

"एकच तर हाय. आधी निळ्याचं उरलेलं खाणं काढते, मंग तेच्यानंच मोठ्या पेटीत पाणी घालते."

"दोन ठेव म्हणलो नव्हतो?"

"दुसरा कुठला देऊ, सैपाकघरातला? गळ्यात लिंग हाय माझ्या. एक भांडं बाटलं तेवढं पुरे. माशाचं ते माशाचं, त्यात निळं-केशरी काय बघायचं?"

आप्पांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. ओरडावं तर कुणावर? माशांचं भांडं चुलीकडं येणार नाही, हा शब्द त्यांनीच दिलेला, आणि ती तो नेमानं पाळत होती.

दुपारपर्यंत मादी तळाला बसली. जोडी औषधाच्या पाण्यात घालायची, तर छोट्या पेटीत तिघं मावेनात. घरातल्या बादल्या सगळ्या पत्र्याच्या. आप्पा चडफडत घरभर फिरत राहिले. शेवटी शिवम्मानं आतून पुरणाचं पितळी पातेलं आणून पुढ्यात ठेवलं.

"घ्या. आता हे माशाचं."

"पितळ चालत न्हाई गं. खाऱ्या पाण्यात उतरतंय, मरतेत."

"देलं म्हणले मी. देलेलं आता चुलीवर कसं चढवू?"

आप्पा चपला अडकवून बाजारात गेले. प्लास्टिकचा टब घेऊन आले तेव्हा मादी आडवी तरंगत होती आणि नर तिला तोंडानं ढकलत होता. शिवम्मा पातेलं मांडीशी धरून पेटीपुढं बसलेली, माशांचा मग शेजारी पालथा.

"काढणार होते मी तिला," ती म्हणाली, "पण कशानं काढावं, ते कळंना."