माईची सकाळची साखर

वटार गावाहून माईच्या शेजारच्या सुमनचा फोन आला तेव्हा मी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरी दाढी करत होतो. "दादा, माई बोलत नाय ओ... तुमी लगेच या." "अगं, तासाभरापूर्वी तर बोललो तिच्याशी," असं मी तिला दोनदा सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. हृदयविकाराचा झटका. सव्वा महिना होऊन गेला, तरी माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही.

माई माझी मोठी बहीण. भाऊजी गेल्यावर केळीची वाडी तिने एकटीने सांभाळली. मधुमेह निघाला तेव्हा मी साखर मोजायचं यंत्र आणून दिलं आणि स्वतःच अर्धा डॉक्टर झालो. रोज सकाळी तिने बोट टोचून आकडा फोनवर सांगायचा, मी तो कॅलेंडरवर लिहायचा आणि ती पानं डॉक्टरांना दाखवायची. आकडा नेहमी दोनशेच्या आसपास. "काल काय खाल्लंस?" "एक भाकरी नि दुधी. दुसरं काय नाय रे." "मग साखर काय हवेतून आली?" मला खात्रीच होती. सुकेळी करणारी बाई, वाळवलेली ती गोड केळी समोर असताना हात कसा आवरेल? एका सकाळी मी तडक वटारला गेलो, सुकेळीचा डबा उचलला आणि सुमनदेखत म्हणालो, "या वयात चोरून खातेस, लाज नाही वाटत?" माईचा चेहरा उतरला. "पानी पी आधी," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आकडे उतरले. मी नातेवाइकांत मिरवून घेतलं. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं. त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी मीच पुढे ढकलली, आकडे चांगले असताना कशाला म्हणून!

दिवसकार्य आटोपल्यावर यंत्र घरी आणलं. त्यात तारखेनिशी सगळं साठलेलं असतं. शेवटच्या आठवड्यातलेही आकडे दोनशे चार, दोनशे अठरा... मी डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, "पहाटे कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं. मधुमेहात ती आवरायला इन्सुलिन कमी पडतं. रात्री काही न खाताही सकाळी साखर चढलेली दिसते. खरे आकडे कळले असते तर औषध बदललं असतं." झटका त्यामुळेच आला असं म्हणता येणार नाही, असंही म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील... नसतीलही. मी तिला चोर ठरवलं होतं, आणि ती बिचारी खरंच उपाशीपोटी सुई टोचत होती.

काल पुन्हा यंत्र आणि कॅलेंडर घेऊन बसलो. सुरुवातीचा एकेक आकडा जुळतो. फरक पडतो तो मी डबा उचलून आणला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या सकाळी यंत्रात दोनशे नऊ आहे. कॅलेंडरवर माझ्या अक्षरात एकशे अठरा, आणि त्याच्याखाली लाल शाईने लिहिलंय, "शाब्बास माई!"