१ ते ४ बंद

हुसेन शिकलगार विश्रांतवाडीहून स्कूटरवर निघाला, की सदाशिव पेठेत पोहोचेपर्यंत किमान दोघं तरी त्याला विचारतात, "काय हो, एक वाजला का?" मग सकाळचे साडेनऊ वाजलेले असोत, नाहीतर संध्याकाळचे सहा. विचारतात आणि स्वतःच हसतात. हुसेनही हसतो. न हसून करतो काय! पुण्यात माणसाला एकदा काही चिकटलं की ते मेल्याशिवाय सुटत नाही.

हे चिकटलं ते पंधरा वर्षांपूर्वी. एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमाला खोटाखोटा रॉक बँड हवा होता. लांब केसांचे टोप, फाटक्या जीन्स, आणि गाणी कशावर, तर पार्किंगवर आणि खडकवासल्यातल्या पाण्यावर. हुसेन गायचा आणि गिटार वाजवायचा. ड्रम्सवर त्याचा कॉलेजातला जिवलग मित्र बद्रीनाथ. आणखी दोघं होते, ते नुसतेच डोकी हलवायला. गाणं सुरू करताना ड्रमवाला "एक, दोन, तीन, चार" मोजतो, म्हणून बद्रीनाथनं नाव काढलं, 'एक ते चार बँड'. मोठ्या ड्रमवर ते रंगवायला दिलं पेठेतल्या एका पेंटरकाकांना. त्या भल्या गृहस्थाची हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. त्यांनी सवयीनं लिहून टाकलं, '१ ते ४ बंद'. जाब विचारला तर वर तोंड करून म्हणाले, "मग? दुपारी ढोल बडवून लोकांची झोप मोडणार होतात की काय?"

दिग्दर्शक तो ड्रम पाहून हसून हसून लोळला आणि तिथल्या तिथे त्यानं स्किट बदललं. आता गाणं रंगात यायचं, दुसरी ओळ सुरू होणार तेवढ्यात बद्रीनाथ मनगटाकडे बघून काठ्या खाली ठेवायचा. "एक वाजला. आता चारनंतर." आणि हुसेननं होता तसा थांबायचं, उघडं तोंड उघडंच ठेवून. एवढाच विनोद. अहो, पण अकरा वर्षं लोक त्यावर पोट धरून हसले!

आता यात हुसेनचं काय गेलं, ते ऐका. पहिल्या भागाच्या वेळी घाईत गाणंच तयार नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचं एक दिलं. म्हणजे खरं, मनापासून केलेलं. त्याचे अब्बा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत गावोगावच्या सुपाऱ्या असायच्या, आठ-आठ दिवस घराबाहेर. निघताना अम्मीला ते एकच गोष्ट सांगायचे, आणि बाविसाव्या वर्षी हुसेननं त्याचंच गाणं केलं होतं. 'दार लोटून घे, कडी लावू नको.' पुढं दुसरी ओळ होती, तीन कडवी होती. ती ऐकलीय कुणी? ही एकच ओळ इतकी गाजली, की दर भागाचा शेवट तिच्यावरच करायचा असं ठरून गेलं.

अब्बा टीव्हीसमोर बसून विचारायचे, "अरे बेटा, पूरा कब गाएगा?"

"शेवटच्या भागात, अब्बा. दिग्दर्शकांनी कबूल केलंय."

तो भाग यायच्या आधी अब्बाच गेले.

दिग्दर्शक मात्र शब्दाला जागला. शेवटच्या भागाला हुसेननं टोप काढून ठेवला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. त्याची बायको नसीम पहिल्या रांगेत बसली होती. पहिली ओळ झाली आणि बद्रीनाथच्या तोंडून निघून गेलं, "एक वाजला!" मुद्दाम नाही हो केलं त्यानं. अकरा वर्षांचं वळण पडलेली जीभ, गेली घसरून. पण प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या. दिग्दर्शक म्हणाला, याहून चांगला शेवट मिळायचा नाही, आणि दिवे बंद झाले.

बद्रीनाथ मेकअपच्या खोलीत लहान मुलासारखा रडला. "हुसेन, कुठंही गा, एकदा गा. मी समोर तोंड शिवून बसतो, आईशप्पथ." हुसेननं त्याच्यावर राग धरला नाही, असं लोक कौतुकानं सांगतात. साफ खोटं आहे. चांगली दोन वर्षं तो त्याच्याशी बोलला नव्हता.

नंतर त्यानं प्रयत्न केले. एका गणेशोत्सवात गायला उभा राहिला, तर पहिली ओळ संपताच अख्खा मांडव ओरडला, "एक वाजला!" सोसायटीच्या स्नेहसंमेलनात तेच. मग त्यानं नाद सोडला आणि सदाशिव पेठेत एका खोलीत गिटारचे क्लास सुरू केले. तिथं पहिल्याच दिवशी एक बाई मुलीला घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, पूर्ण गाणं शिकवता ना?"

गेल्या फेब्रुवारीत बद्रीनाथ गेला. सकाळी चहा पिता पिता. शोकसभेच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा, तनुजाचा, फोन आला. "भावजी, ते गाणं म्हणा. पूर्ण. ह्यांच्या मनाला फार लागलं होतं ते. मी सगळ्यांना बजावून ठेवते, कोणी हूं की चूं करणार नाही."

हुसेनला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी ऐकायला बोलावलं होतं. घरी सराव करावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. स्वतःचं गाणं कोणी घोकतं का!

सभा सकाळी साडेदहाला होती. हॉल गच्च भरलेला. हार घातलेल्या फोटोतून बद्रीनाथ बघत होता, तोंड मिटून, कबूल केल्याप्रमाणे. हुसेननं तार छेडली आणि गायला लागला. 'दार लोटून घे, कडी लावू नको...'

ओळ संपली. कोणी हसलं नाही. कोणी ओरडलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, पुढची ओळ ऐकायला.

आणि हुसेनचा हात थांबला. आपोआप. तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्या ओळीचे शब्द डोळ्यांसमोर होते, अक्षर न् अक्षर. पण चाल? त्यानं आत चाचपून पाहिलं. चाल नव्हतीच. ती कधी गेली, कुणास ठाऊक. पहिली ओळ त्यानं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली, पण ती संपली तिथंच चालही संपली.

पुढच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्यानं. निवेदक लगबगीनं माइकपाशी आले. "मंडळी, बद्रीनाथ जिथं थांबवायचे, हुसेनजी बरोब्बर तिथंच थांबले. याहून मोठी श्रद्धांजली ती काय!" लोकांनी डोळे पुसले.

सभा संपल्यावर तनुजा जवळ आली. "ह्यांच्यासाठी स्वतःचं गाणं सोडून दिलंत ना, भावजी? मला कळलं हो. पण एकदा घरी या. मला एकटीला म्हणून दाखवा, पूर्ण. येणार ना?"

खरं सांगायला हवं होतं. तिला नाही, तर सांगायचं तरी कुणाला?

"चारनंतर, वहिनी," तो म्हणाला.

तनुजा रडता रडता खळखळून हसली. मागे उभे असलेलेही हसले. हुसेननं गिटार पिशवीत घातली आणि चेन ओढून घेतली.