उलटी साखळी

‘ती घटना आजही आठवते’ असं म्हणायची आम्हा निवृत्त पोलिसांना सवयच असते. मला ही घटना खरं तर आठवायची नसते. पण श्रावणात चाकाला साखळी बांधलेली केळीची गाडी खणखणत समोरून गेली, की आठवते. नावं कुणाचीच देत नाही. माणसं गेली, पण त्यांची घरं अजून तिथंच आहेत.

ऐंशीच्या दशकात मी जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. त्याआधी धुळ्याला पोलिसांच्या मोटार विभागात काही वर्षं काढली होती, त्यामुळे गाडीचा संबंध आला की केस माझ्याच गळ्यात पडायची.

आमच्याकडे बर्फ नाही, पण काळ्या मातीचा चिखल आहे आणि तो बर्फापेक्षा वाईट. पावसाळ्यात केळी भरलेली गाडी शेतातून सडकेला आणायची तर मागच्या चाकांना साखळी हवीच. इथले ट्रक केळी घेऊन जम्मूपर्यंत जात, तिकडून शहाणे ड्रायव्हर बर्फाच्या साखळ्या घेऊन येत. बाकीचे विहिरीची साखळी, दोरखंड, हाताला लागेल ते गुंडाळत आणि मग आम्हाला पंचनाम्याला बोलावत. अरे, साखळी टायरच्या मापाचीच लागते. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर जातो, त्यांनाच ती बांधायची. मागे ट्रेलर असेल तर त्याच्या चाकांनाही एक जोड हवा, नाहीतर उतारावर तो पुढच्या गाडीला ढकलतो. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची टोकं बाहेर ठेवायची, रबराकडे गुळगुळीत बाजू. थोडी गाडी चालवून खाली उतरायचं आणि परत ताणायची. डांबरी आली की काढायची. एवढंच असतं, पण तेवढाही कुणाला दम नसतो.

त्या दिवशी नाल्याच्या चढावर केळीची गाडी अडली. केळी कापणाऱ्या टोळीतला एक मजूर मागच्या चाकाखाली दगड लावायला वाकला. तेवढ्यात साखळी निसटली, गाडी मागे आली आणि तो जागीच गेला. मी पोहोचलो तेव्हा गाडीचा ड्रायव्हर, पस्तिशीचा धट्टाकट्टा माणूस, प्रेताजवळ चिखलात बसला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “साहेब, मीच चालवत होतो. लिहून घ्या.”

लिहून घेतलं. पंचनामा केला. साखळी अर्धी चाकावर, अर्धी चिखलात लोंबत होती. आकड्यांची टोकं आत, टायरवर ओरखडे. पार उलटी बांधलेली. मी ते पंचनाम्यात घेतलं, साखळी मुद्देमालात जमा केली. मजुरांचे जबाब झाले. सगळ्यांनी एकच सांगितलं, गाडी डायवर चालवत होता. तीनशे चार अ, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलम लावलं, माणूस लॉकअपमध्ये टाकला. माझ्या लेखी केस संपली होती.

मेलेल्या मजुराची बायको मात्र रोज सकाळी ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसायची. मी म्हणायचो, “बाई, माणूस पकडलाय, घरी जा.” ती म्हणायची, “मले फक्त खरं नाव सांगा, सायेब. पोरं मोठी झाली की इचारतीन.” मला तिचा राग यायचा. नाव सांगितलं होतं की!

मग फाट्यावरच्या चहावाल्यानं, धुळ्याकडचा होता तो, कप पुढे करता करता हळूच खडा टाकला. “साहेब, बठ्ठा खरंच सांगतस. डायवरच व्हता. पन डायवर कोनता शे, हाई इचारं का तुम्ही?” बठ्ठा म्हणजे सगळेच. एवढं बोलून तो मीठ-मिरचीच्या भावावर घसरला.

मी हवालदाराला विचारलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “साहेब, गावात डायवर दोघं! हा, आणि याचा उस्ताद. म्हाताऱ्याला धड दिसत नाही, लायसन केव्हाच संपलंय, पण अजून सगळे त्याला डायवर नानाच म्हणतात. गाडीबरोबर फिरतो सवयीनं.”

मजुरांना परत बोलावलं. सगळे माना खाली घालून म्हणाले, आम्ही मागून ढकलत होतो, साहेब, पुढचं काही दिसलं नाही. खोटंही नव्हतं ते. ड्रायव्हरला विचारलं, तर “मीच”. पुन्हा विचारलं, “मीच”. नाकबूल करणाऱ्याला बोलतं करता येतं हो, पण कबूलच करून बसलेल्याचं काय करायचं? मी अगदी कंटाळून गेलो.

शेवटी पंच बोलावले, मुद्देमालातली साखळी काढली आणि ठाण्याच्या आवारात, चिखलातच उभ्या असलेल्या त्याच्या गाडीपाशी त्याला नेलं. “लाव, त्या दिवशी लावलीस तशी. आटप लवकर, मला तालुक्याला जायचंय.”

त्यानं साखळी जमिनीवर टाकली. बोटांनी एक आकडा चाचपला आणि अख्खी साखळी झटक्यात पालथी केली. टोकं बाहेर. चाकापुढे पसरली, शिपायाला गाडी तिच्यावर घ्यायला लावली, आकडे अडकवले. मग गाडी थोडी पुढे घ्यायला सांगितली, थांबवली, वाकून परत ताणली. हात पुसत उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिलं. हवालदाराच्या हातात पंचनामा होता. ड्रायव्हरनं तो पाहिला, मग चाकाकडे पाहिलं, आणि तिथंच चिखलात बसला.

“त्या दिवशी उलटी होती रे,” मी म्हणालो.

“घाईत झाली असेल, साहेब.”

“आत्ताही मी तुला घाईच केली होती.”

दुपारी मी नानांच्या घरी गेलो. म्हातारा बाजेवर बसला होता. आवाजावरूनच ओळखलं त्यानं, कोण आलंय ते.

“त्यानं तं कबूल केलं ना, साहेब?” नाना म्हणाले.

मी त्यांना आवारातली हकिकत सांगितली. ते कान देऊन ऐकत होते.

“सुलटी लावली त्यानं?”

“हो.”

“चालवून परत ताणली?”

“ताणली.”

म्हातारा हसला. मनापासून हसला. आणि हसता हसताच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“माह्याच हातून उलटी लागली, साहेब. डोयानं दिसे नही, अन् बोटंही आता तशी ऱ्हायली नही. तो चिखल पाहाले पुढे गेला व्हता. मले वाटलं, एवढी गाडी तं मी काढून देईन.”

“आणि त्यानं गुन्हा घेतला स्वतःवर?”

“मी नको म्हनलं. तो आयके ना.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“बसलो,” नाना म्हणाले, आणि टोपी चाचपून घालून माझ्याबरोबर निघाले.

ओट्यावरच्या बाईला मी खरं नाव सांगितलं. ती किती तरी वेळ पदराचं टोक पिळत राहिली. “डायवर नाना? त्याहिच्याच गाडीत तं माह्या लग्नाचं वऱ्हाड आलं व्हतं.” त्यानंतर ती ठाण्यावर आली नाही.

नानांना शिक्षा झाली, वय पाहून थोडीच झाली. ड्रायव्हरवर खोटी माहिती दिल्याचा ठपका आला, दंडावर निभावलं.

या केसनं काय शिकवलं? कबुली फार सोपी आली, की त्या माणसाला ते काम करून दाखवायला लावायचं. पुढे दोनदा ही युक्ती कामी आली, वरिष्ठांनी पाठही थोपटली. पण पाठ थोपटून घेताना मला बरं कधीच वाटलं नाही, ते त्या ड्रायव्हरमुळे. लॉकअपमधून सोडलं त्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“साहेब, त्या दिवशी आवारात मी मुद्दाम उलटी लावली असती तर?”

“तर तू आत गेला असतास.”

“मला आठवण होती, साहेब. साखळी उचलेपर्यंत आठवण होती. पण मला उलटी लावताच येत नाही. नानांनी शिकवलीच नाही तशी.”

तो गेला. मी त्याच्या सुटकेच्या कागदावर सही केली आणि पुढची फाईल ओढली.