चिरलेली पुंगळी

लाखनीच्या चहाटपरीवर एक शेतमालक रोज काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी चिंचेनं घासत बसायचा. मध्येच फुंकर मारून आम्हा चहा पिणाऱ्यांकडे शिकाऱ्याच्या तोऱ्यात पाहायचा. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्मभर पुंगळ्याच तपासलेल्या. एकीचं बूड चिरलेलं दिसलं, तेव्हा म्हणालो, “भाऊ, हे फेका. फुटंल.”

“तुमी नोकरीवाले भित्रेच! पाहा, कशी चमकून राहिली.”

तीच भरून त्यानं आपल्या धानातली रानडुकरं हाकलायला राखणदाराच्या हाती रायफल दिली. पुंगळी फुटली, राखणदाराचा डोळा गेला.

मी जाब विचारला, तर घासता घासताच म्हणाला, “त्याले बंदूकच धरता येत नाही.”

स्वतः त्यानं आपलं भरलेलं एकही काडतूस कधी उडवलं नव्हतं.